आपोआप बुजलेली भेग

बाबा,

जेवण झाकून ठेवलंय. गोळी जेवल्यावरच घ्या.

घराच्या या दगडी भिंतीच्या सांध्यांत तुम्ही भरलेलं सिमेंट मी काढायला लागल्यापासून तुम्ही खिडकी लावून बसलाय. माझा नाइलाज आहे, त्याखाली ओल कोंडून दगड भुसभुशीत झालाय. त्या वेळी सगळेच सिमेंट भरायचे.

पण आज तुमच्या खिडकीशेजारी, सिमेंट पोचलंच नव्हतं तिथे, जुन्या सांध्यातली भेग चुन्यानेच भरून आलेली दिसली. नखही शिरत नाही. चुना आपली भेग आपणच बुजवतो असं तुम्ही सांगायचात आणि मला ती थाप वाटायची. त्या सांध्याला मी छिन्नी लावलेली नाही.

शिडी चढू नका. खिडकी उघडून उजवा हात बाहेर काढलात की भेगेला बोट लागतं. परांचीवर मी आहेच.