मरायचं विसरलेल्या पेशी

९ फेब्रुवारी
गाठ विरघळली! विजयच्या मानेतली, सुपारीएवढी — केमोच्या पहिल्याच फेरीत! सकाळपासून मी सारखी चाचपतेय. अवनी ओरडली, "आई, स्टॉप पोकिंग बाबा!" पण मी असं काही कधी पाहिलं नव्हतं. हात जोडावेसे वाटले. कोणाला, ते कळेना.

१० फेब्रुवारी
विजयने ऑफिसात पेढे वाटले. दुबईत, आमच्या अल कुसैसच्या मराठी ग्रुपवर टाकलं — "लिम्फोमा खलास!" उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आणि हा तर माझाच नवरा!

१३ फेब्रुवारी
डॉक्टर अरफांनी पेढा खाल्ला, मग सांगितलं. "विजयजी, ये स्लो वाला है. पिघलता जल्दी है, जड़ से नहीं जाता."
केमो मुख्यतः वाढणाऱ्या पेशीला गाठते, एकीची दोन होताना. ह्यातल्या बऱ्याच पेशी नुसत्या झोपून राहतात. औषध वरून निघून जातं! मग गाठी होतात कशा? तर म्हणे, रोज कोट्यवधी पेशी वेळ झाली की आपसूक मरतात. ह्या मरायचंच विसरतात, म्हणून साठत जातात.
आपल्या अंगात रोज एवढं मरण चालू असतं, आणि त्याच्यावरच आपण जगतो! मी थक्क होऊन बसले.
"मतलब, वापस आएगा?" विजयने विचारलं.
"शायद. इन्शाल्ला, सालों बाद."


२१ जून
केमो संपली. मान, काखा स्वच्छ. पोटातली एक गाठ मात्र तशीच — उलट मोठी झालीय. तेच शरीर, तेच औषध! सुई घालून तुकडा काढला. डॉक्टर हसल्या नाहीत.

२२ जून
मला हा माणूस हवा आहे. बस.

२८ जून
पोटातल्या गाठीने रूप बदललंय. आता ती झपाट्याने वाढणारी. "खतरा बड़ा है," डॉक्टर म्हणाल्या. जरा थांबून, "लेकिन जो तेज़ भागता है, वो दवा के हाथ भी आता है. दवा और सख़्त होगी. पर ये वाला जड़ से जा सकता है."
मी विजयकडे पाहिलं. तो शर्टाची बाही वर सारत होता. "यल्ला, चलो."