पदराच्या गाठीतला वायसर

आई, बारामतीत इंदापूर रस्त्याला माझं स्वतःचं गॅरेज आहे, हे तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा मी दुसऱ्याच्या दुकानात कामाला होतो. आता बावीस वर्षं झाली. डोक्यावरचे निम्मे केस पांढरे झाले, गिऱ्हाइकं तात्या म्हणतात, आणि आवाज तुझाच घेतलाय. मी इकडं तापलो की रस्त्यापलीकडचा चहावाला तिकडं गाळणी खाली ठेवतो. पण तापल्यानंतर तू जे करायचीस, तेही माझ्याकडं आलंय, असं मला गेल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं. म्हणून लिहितोय.

एक मॅडम आहेत, भिगवणला शाळेत शिकवतात. नवऱ्याच्या किडन्या गेल्यात, त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला बारामतीला आणतात, स्वतः गाडी चालवत. गाडी पेट्रोलची, तशी चांगली. पण महिन्याभरापासून तिला एक खोड लागली. रस्त्यावर पळते झकास, पाय उचलला, गाडी स्लोला आली, की दोन आचके देऊन बंद. हंगाम चालू आहे, रस्त्यावर जिथं तिथं उसाच्या ट्रॉल्या, दर फर्लांगाला थांबावं लागतं. मॅडम म्हणाल्या, "तात्या, मागं ह्यांना झोपवलेलं असतं, पुढं ट्रॉली, मागून ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि गाडी गप्प. परवा रेल्वे फाटकात रुळावर बंद पडली. पाच वेळा किल्ली फिरवली तेव्हा कुठं सुरू झाली."

मी विचारलं, मधे कुणाला दाखवली होती? तर भिगवणच्या एका मेकॅनिकला. तिशीचा गडी आहे, नवीन दुकान टाकलंय. त्यानं थ्रॉटल, इंजिनात हवा सोडतो तो, साफ केला होता. झालं! मी जो सुटलो, काय सांगू, आई. "त्याला काय कळतंय? थ्रॉटल साफ करायला गेला आणि वाट लावली. चांगल्या गाडीचं वाटोळं केलं भडव्यानं." दुकानात चार गिऱ्हाइकं होती, दोघं भिगवणचेच. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग मी प्लग बदलले, थ्रॉटल पुन्हा साफ केला, स्कॅनर लावला, सेन्सर तपासले. गाडी दोन दिवस नीट चालली आणि परत आली. पुन्हा केलं, पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मॅडम किल्ली माझ्या हातात देऊन बाकावर जाऊन बसल्या. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेव्हा तू आठवलीस. लासुर्ण्याच्या घरात चुलीशेजारी तुझा तो पितळी स्टोव्ह. मी म्हणायचो, आई, स्टोव्ह चांगला पेटतोय की, कशाला खोलतेस? तू म्हणायचीस, "मोठ्या आचेवर समदं खपतं रं. बारीक केल्यावर बघ, मग कळतंय कुठनं वारं शिरतंय ते." आणि दुसरं तुझं वाक्य, जे तू गिरणीत रोज कुणाला ना कुणाला ऐकवायचीस, "इंजिन आपणहून बिघडत न्हाय. शेवटचा हात कुणाचा लागला, त्ये हुडका आदी."

आपली पिठाची गिरणी डिझेल इंजिनवर चालायची. वडील गेल्यावर लोकांना वाटलं, आता ही बाई पट्टा कसा चढवणार? तू कासोटा घालून चढवलास. इंजिनाच्या आवाजावरून तू सांगायचीस की याला पाणी कमी पडलंय. मी आठवीत असेन. सणाच्या आदल्या दिवशी दारात डब्यांची रांग लागलेली, आणि इंजिन धान्य पडलं की चालतंय, दोन डब्यांच्या मधे हळू केलं की भक्क करून बंद. चार दिवसांपूर्वी इंदापूरच्या मिस्त्रीनं त्याचं काम केलेलं. तू त्याला निरोप धाडून बोलावलंस आणि सगळ्या बायकांसमोर त्याची अशी खरडपट्टी काढलीस की बायकांनी पदर तोंडाला लावले. "हात हायेत का खुरपी? लोकाच्या सणात इस्तू पाडलास!" त्या वयस्क माणसानं नळी काढायला पाना उचलला, तर तू हातही लावू दिला नाहीस. त्यानं पाने फडक्यात गुंडाळले आणि गेला.

दुपारी तू मला शेंगदाण्याचा लाडू आणायला चार आणे द्यावे म्हणून पदराची गाठ सोडलीस. गाठीतून नाण्यांबरोबर तांब्याचा वायसर पडला, नळीच्या जोडात बसते ती चकती. त्याच सकाळी तू डिझेलची नळी साफ करायला खोलली होतीस, वायसर हरवू नये म्हणून पदराला बांधलास, आणि घाईत नळी तशीच आवळून टाकलीस. तिथनं इंजिन हवा ओढत होतं. तू वायसर तळहातावर घेऊन किती वेळ बघत होतीस! मग बसवलास, इंजिन सुरू झालं, हळू केलं तरी टुकटुक चालत राहिलं. सण पार पडला, आणि लगेच गिरणी बंद ठेवून तू मला घेऊन यष्टीनं इंदापूरला निघालीस, पिशवीत दोन किलो ताजं बाजरीचं पीठ. मी म्हणालो, "आई, त्याला कुठं कळणार हाय?" तू म्हणालीस, "त्याला न्हाय कळणार. मला कळलंय न्हवं?"

त्याच्या दुकानात आठदहा माणसं होती. मला वाटलं तू त्याला बाजूला बोलावशील. तू मधोमध उभी राहिलीस आणि गिरणीतल्याच आवाजात म्हणालीस, "मिस्त्रीदादा, तुमचं काम चोख हुतं. शेवटचा हात माझा लागला. मी तुमाला चार माणसांत बोलले, म्हणून चार माणसांत सांगाय आले." मी शरमेनं तुझ्यामागं लपलो होतो. त्या माणसाचे डोळे भरले, मग तो हसला, "आवो वयनी, पीठ कशाला आणलं?" म्हणाला, आणि मला कोपऱ्यातून हातभर रबरी नळी काढून दिली. एक टोक कानाला, एक इंजिनाला, "ऐक, काय म्हणतंय." पुढं त्याच दुकानात मी हा धंदा शिकलो. तू त्या दिवशी गेली नसतीस तर त्यानं मला दारात उभं केलं नसतं. काय बाई होतीस तू! आज पन्नाशी ओलांडल्यावर मला कळतंय की त्या दारातनं आत पाऊल टाकायला काय लागलं असेल.

तर तिसऱ्या खेपेला मी स्कॅनर बाजूला ठेवला आणि तशीच नळी कानाला लावली. गाडी स्लोला ठेवून एकेक जोड ऐकत गेलो. मागच्या बाजूला, जिथं थ्रॉटल साफ करताना हात लागत नाही अशी हवेची जाड नळी इंजिनाला बसते, तिथं बारीक सुस्स ऐकू आलं. पिचकारीनं दोन थेंब पाणी सोडलं, तर इंजिनाचा आवाज लगेच बदलला. पळताना एवढी फट त्याला कळत नव्हती, स्लोला मात्र तीच त्याचा जीव घेत होती. नळी आवळणारी क्लिप सोडवून बघितली. क्लिपच्या पट्टीचं टोक आत दुमडलेलं होतं आणि त्या टोकानं रबर कापलं होतं. आई, टोक आत दुमडायची खोड माझी आहे. कुणाच्या हाताला लागू नये म्हणून तू गिरणीतल्या तारांची टोकं दुमडायचीस, तिथनं मी उचलली. साऱ्या तालुक्यात असं दुसरं कुणी करत नाही. दिवाळीत मॅडमची गाडी सर्व्हिसिंगला माझ्याकडंच होती.

नवी नळी बसवली, गाडी अर्धा तास स्लोला उभी केली, हलली नाही. मॅडमनी हात जोडले. "तुम्ही होतात म्हणून, तात्या. आमच्या शाळेच्या गाड्या त्या भिगवणवाल्याकडं जायच्या, तुम्ही सांगितल्यापासून त्याही तिकडं पाठवणं मी बंद करायला लावलं." मी म्हणालो, नळी फाटली होती. एवढंच म्हणालो.

काल दुपारी मी भिगवणला गेलो. सकाळी बाजरी दळून आणली होती, दोन किलो. त्याच्या दुकानासमोर पोचलो, तर आत तीन माणसं बसलेली. म्हटलं, आधी जेवून घेऊ. समोरच्या हॉटेलात मासे सांगितले. घास तोंडात घालतोय तोवर तोच रस्ता ओलांडून आला, हात ग्रीसनं काळे, उभाच राहिला. "तात्या, त्या मॅडमच्या गाडीत माझ्या हातनं काय चुकलं व्हतं? मी लई इचार केला, मला गावंना. तेवढं सांगा, पुन्यांदा न्हाय करणार."

हॉटेलात माणसं होती, आई, चारच्या वर. सगळ्यांनी जेवण थांबवून माझ्याकडं बघितलं. आणि मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "होतं असं. शिकशील."

तो माझ्या पाया पडला. पीठ अजून डिकीत आहे.