सातव्या यंत्राची चिठ्ठी

३ मार्च

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

कालच्या सभेला मैदान अपुरं पडलं. तुमच्या कारखान्यात प्रेसखाली तीन बोटं गमावलेल्या कामगाराला मी मंचावर उभं केलं आणि ठणकावून सांगितलं, की तुमचा तो तपासनीस, तो सही-बहाद्दर, यंत्राकडे न फिरकताच अहवालात ‘दोष नाही’ लिहितो! आज तो निलंबित झाला. अहवाल तूच टाईप करतेस, तेव्हा सोमवारच्या चौकशीत तूही बोल. घाबरायचं नाही, भाऊ पाठीशी आहे.

तुझी वहिनी विचारते, वेळेवर जेवतेस ना? भाचीला पापा.

तुझा,
दादा

६ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

फोनवर हे बोलायला जीभ रेटेना, म्हणून पत्र.

अहवालात चाळीस यंत्रं असतात. प्रत्येकापुढे तेच वाक्य मारून हात दुखायचे, म्हणून मी संगणकाला सवय लावली होती. ‘दन’ टाईप केलं की ‘प्रत्यक्ष पाहणी केली, दोष नाही’ असं अख्खं वाक्य आपोआप उमटायचं. ऑफिसात मला मेलगाडी म्हणतात, त्याचं गुपित हेच.

परवा खण आवरताना तपासनीस साहेबांची हाताने लिहिलेली चिठ्ठी सापडली. सातव्या यंत्रापुढे, म्हणजे त्याच प्रेसपुढे लिहिलंय, ‘सुरक्षेची जाळी सैल. यंत्र बंद ठेवा.’ दादा, ते जाऊन बघून आले होते. चिठ्ठीकडे बघितलं नाही ते मी. बोटं दन, दन करत थेट चाळीसपर्यंत धावली. साहेबांनी माझ्यावर विसंबून न वाचता सही केली.

चिठ्ठी माझ्या पर्समध्ये आहे. काय करू?

तुझी,
चिमणी

८ मार्च

चि. चिमणीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फाडलं. चिठ्ठीचंही तेच कर. खोटं बोल असं मी म्हणत नाही, नुसती गप्प राहा. नवरा गेल्यापासून घर तुझ्या एकटीच्या पगारावर चालतं, मुलगी सहा वर्षांची आहे. चूक तुझी आहे असं कळलं, तर मैदानातले तेच लोक तुझ्या दारात येतील. त्यांना थोपवणं माझ्या हातात नाही. पेटवलंय मीच.

हेही पत्र फाड.

दादा

११ मार्च

ती. दादास सा. न. वि. वि.

काल चिठ्ठी चौकशी समितीपुढे ठेवली. जबाब टाईप करण्याआधी संगणकातलं ‘दन’ काढून टाकलं. मग एकेक अक्षर मारत गेले. दीड पानाला मेलगाडीला दोन तास लागले. नोकरी गेली. गुन्ह्याचं अजून ठरायचंय.

बाहेर बाकावर तो कामगार बसला होता, हाताला पट्टी. त्याने विचारलं, जाळी सैल आहे हे कुणाला माहीत होतं का? मी सगळं सांगितलं. तो माझ्या हातांकडे बघत राहिला.

साहेबांच्या मुलीने शाळेत जाणं सोडलंय. दादा, तुझ्याकडेही एक ‘दन’ आहे. ‘साहेब’ एवढा शब्द आला, की पुढचं वाक्य तुझ्या तोंडून आपोआप बाहेर पडतं. मीसुद्धा त्याला टाळ्या वाजवल्या आहेत.

रविवारी पुन्हा सभा आहे ना? मी येते. छकुलीला घेऊन पहिल्या रांगेत बसेन. साहेबांचं नाव जितक्या मोठ्याने घेतलंस, तितक्याच मोठ्याने माझं घे.

लोभ उरला असेल, तर त्यानंतरही राहू दे.

तुझी,
चिमणी