पेरानं मोजलेल्या चुण्या

माय, दवाखान्याचे पडदे शिवायला घेतलेत. आता महाराष्ट्र झाला, आपल्या खामगावाकडच्या जळगावात बायांचा दवाखाना झाला, अन् तिथं डॉक्टरही बाईच आली आहे. दोन खाटांच्या मधी टांगायचे सहा पडदे, जाड हिरव्या कापडाचे, वरून चुण्या घातलेले. चुणीचं तुला काय सांगायचं? एक मोठी एक लहान झाली, की पडदा तोंड वाकडं करून लटकतो.

पहिले दोन दिले, त्यातला एक सोमवारी परत आला. चुण्या आतल्या अंगाला पडल्या होत्या. अर्ध्या गावाचे झंपर शिवले मी, अन् मला कापडाची उलटी बाजू कळली नाही. पडदा घेऊन आलेली आया हसत म्हणाली, "बाकीचे घिऊन तुमीच या, काकू. डाक्टरीनबाईले तुमचे डोये पाह्याचे हायेत म्हने." मी खेकसले, "डोये काऊन? पडदे पाह्य म्हना." ती गेली अन् मी दार लावून घेतलं.

टाके उसवले, पुन्हा चुण्या घालायला बसले. जरा वेळानं पाहते तर टेप गळ्यात तसाच लोंबतो आहे, अन् मी मधल्या बोटाच्या पेरानं चुणी मोजते आहे. तुझ्यासारखी.

मी चौदाची असेन. बानं खामगावहून टेप आणला होता अन् तू त्याला हात लावत नव्हतीस. मास्तरांच्या घरचे पडदे होते, तू खाली मान घालून पेरावर पेर ठेवत चालली होतीस. मला कुठला धीर! म्हटलं, "टेप असून बोटानं काऊन मोजतं वं? आंधयी हायेस काय?"

तू मान वर केली नाहीस. "टेपाले डोये लागतात. बोटाले नाही लागत."

मला वाटलं, हिला आकडे येत नाहीत. मी दुसरी शिकलेली, मला त्याचा केवढा माज. तुझी एकेक चुणी मी टेपानं तपासली. सगळ्या सारख्या निघाल्या, म्हणून आणखीच राग आला.

तेव्हाच कधीतरी तू संध्याकाळी दिवा लावून म्हणायला लागलीस, दिव्यानं बांगड्या भरल्या. आम्ही पोरं हसायचो. ज्योतीभोवती तुला खरंच रंगीत कडं दिसतं, हे कोणाच्या डोक्यात येणार? सुईत दोरा जाईना, तर तू म्हणायचीस दोरा सडका. चौकटीला खांदा लागला, तर चौकट वाकडी. मग एका दुपारी बा जेवायला बसला, अन् तू वरण ताटाबाहेर वाढलंस. उकळतं, त्याच्या मांडीवर. तो ओरडतो आहे अन् तू पळी वाकडी करून वाढतेच आहेस. तेव्हा घराला कळलं. खामगावचा डॉक्टर म्हणाला, आधी आणलं असतं तर होती तेवढी नजर राखता आली असती. पुढं आठ वर्षं, मरेपर्यंत, ओसरीत बसून होतीस, अन् मी तुला हाताला धरून नेताना ओढायची. मला घाई असायची.

माय, फागुनापासून माझ्याही दिव्यानं बांगड्या भरल्या. कोणाला सांगितलं नाही. सून दोरा ओवून द्यायला येते, तर तिला म्हणते दोरा सडका आहे. तोंडातून शब्द निघतो अन् तुझाच आवाज ऐकू येतो. वरण वाढताना आता मी डावा हात ताटाच्या काठाला लावून ठेवते. डॉक्टरीणबाई काही वाईट नाही, पण ती बॅटरी लावून पाहील अन् तेच म्हणेल, आधी यायला पाहिजे होतं. ते मला ऐकवणार नाही. तूही याच्यासाठीच गप्प होतीस का? मी विचारलं नाही. आंधळी आहेस का, एवढं मात्र विचारलं.

आज सकाळी पडद्यांचं गाठोडं बांधलं. बरं लुगडं नेसले. दारापर्यंत गेले, उंबऱ्यावर थांबले, अन् गाठोडं सुनेच्या हातात दिलं. म्हटलं, गुडघे दुखतात, तूच जा.

ती गेली. मी हे लिहीत बसले. आता मशीनच्या खणात घालून टाकते, दुसरं कुठं टाकणार? गुडघे काही दुखत नाहीत, माय.