शांततेचे हक्क राखीव

२ मार्च, सोमवार
आले एकदाची! दोन बॅगा, आईची शिवणाची पेटी, मायक्रोफोन आणि त्याचा तीन पायांचा स्टँड, एवढा संसार घेऊन दुसऱ्या मजल्यावर चढले. खोली मागच्या बाजूला आहे. रहदारी सगळी पुढून जाते. खिडकीसमोर एका गोदामाची सपाट भिंत, एवढंच काय ते दृश्य. दुसऱ्या कुणी नाक मुरडलं असतं. मी आधी टाळी वाजवून पाहिली. आवाज घुमला नाही, जिथल्या तिथे विरला. मी खूश.

घरमालकीणबाई खाली राहतात. निवृत्त परिचारिका आहेत आणि अजूनही समोरच्याची नाडी बघावी तशा बघतात. अशी कोंदट खोली कशाला हवी, म्हणाल्या. मी सांगितलं, रफू शिकवायचे व्हिडिओ करते. त्यावर त्या म्हणाल्या, हल्ली फाटलं की फेकतात, रफू शिकायला कोण बसलंय. आणि दहा मिनिटांत कोपराला भोक पडलेला स्वेटर घेऊन वर आल्या.

दादाला फोन केला. ठमे, वेळेवर जेवत जा, म्हणाला. बोलायला काही सुचलं नाही की दादा जेवणाचं काढतो.

४ मार्च, बुधवार
कामाला लागले. नीट लिहून ठेवते, म्हणजे पुढे माझाच गोंधळ व्हायचा नाही.

आई लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसून चाळीस वर्षं रफू करायची. शेवटच्या तीन वर्षांत मी तिचे व्हिडिओ केले, एकसष्ट. तिला चेहरा दाखवायचा नव्हता. शिकायचंय हातांकडून, तोंड बघून काय करणार, असं तिचं म्हणणं. म्हणून फक्त हात आणि आवाज. नोव्हेंबरात ती गेली. मी रडेन असं सगळ्यांना वाटलं, मलाही. नाही रडले. कानात कापसाचे बोळे घातल्यासारखं झालंय तेव्हापासून, इतकंच. चॅनेलवर लोक अजून लिहितात, बाई, काल तुमचं बघून कोट सांधला. बाई नाहीत हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तिचा आवाज दुसरीकडे कुठेही नाही. फोनवर निरोप ठेवायला तिला लाज वाटायची. जे काही आहे ते त्या एकसष्ट व्हिडिओंत.

त्यांत एकच खोट आहे, जुन्या घरातला घरघरणारा पंखा. ती घरघर संगणकावर काढता येते, पण मग दोन वाक्यांच्या मध्ये भोकं पडतात. रिकाम्या खोलीलाही स्वतःचा आवाज असतो. तो नसला की ऐकणाऱ्याला बोलणारा माणूस विहिरीत पडल्यासारखा वाटतो. म्हणून चांगल्या खोलीची एक मिनिट शांतता टिपायची आणि ती सगळीकडे खालून अंथरायची. आवाजाचं रफूच म्हणा ना.

सकाळी अकरा वाजता टिपली. घड्याळ बाहेर ठेवलं, खोलीच्या मधोमध उभी राहिले, मिनिटभर श्वास रोखला. सवयीने जमतं. काय सुरेख शांतता आहे इथली! मऊ, दाट. रोज अकराला एक मिनिट टिपायचं ठरवलंय. रोजची वेगळी असते.

१३ मार्च, शुक्रवार
एकसष्टच्या एकसष्ट झाले. आई आता या खोलीत बसून बोलतेय असं वाटतं. जुने चॅनेलवरून काढले, नवे चढवले. संगणकात जागा उरली नव्हती म्हणून व्हिडिओंच्या जुन्या-नव्या सगळ्या फायली पुसल्या, चॅनेलवर आहेतच. दादा म्हणत होता, जुना एक संच राहू दे. मी त्याला विचारलं, रफू झाल्यावर भोक कुणी जपून ठेवतं का? जेवलीस का, म्हणाला तो.

१६ मार्च, सोमवार
चॅनेलवर तक्रार आली. स्वामित्वहक्काचा भंग, म्हणे. माझ्या व्हिडिओत ना गाणं, ना संगीत. कंपनीने चोरीच्या जागा दिल्यात : चौदाव्या सेकंदापासून सोळाव्यापर्यंत, एक्केचाळीस ते त्रेचाळीस, अशा सदतीस. एकेक लावून ऐकली. आई बोलताना जिथे जिथे थांबते, तिथे तिथे चोरी! मला हसू आलं, खरंच.

मूळ ध्वनिमुद्रणाची तारीख दिलीय ४ मार्च, सकाळी अकरा. म्हणजे माझ्याच शांततेवर कुणीतरी हात मारून वर मलाच चोर ठरवतोय. तक्रारदाराच्या नावाची जागा कोरी आहे. पत्ता आहे. माझाच. या खोलीचा.

१७ मार्च, मंगळवार
स्वेटर परत करायला गेले आणि सहज विचारल्यासारखं करून विचारलं, आधी कोण राहायचं. एक गृहस्थ होते, म्हणाल्या. आवाज टिपायचंच काहीतरी काम. देवमाणूस, जिन्याची पायरीसुद्धा वाजायची नाही. कधी सोडली खोली, म्हटलं. त्या स्वेटरच्या कोपरावरून बोट फिरवत राहिल्या. रफू कुठे केलंय तेच सापडत नाही गं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, जाताना काही मी पाहिलं नाही त्यांना. बरेच दिवस दिसले नाहीत म्हणून सुताराला बोलावून दार उघडलं. कडी आतून होती. आत कुणी नव्हतं. नळ गळतोय हे सांगावं तशा सुरात त्यांनी हे सांगितलं, आणि मीही त्याच सुरात बरं म्हणून वर आले.

१९ मार्च, गुरुवार
आणखी दोन तक्रारी. तीन झाल्या की चॅनेल बंद, कायमचं. हरकत घ्यायला सात दिवस. हरकतीच्या अर्जात एक ओळ शपथेवर लिहून द्यायची आहे : ध्वनिमुद्रण होत असताना खोलीत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं.

किती सोपं! सही करणारच होते. पण शपथ आहे म्हणून म्हटलं, एकदा ऐकून घेऊ.

२० मार्च, शुक्रवार
दुपारी दोन वाजता ऐकलं. लख्ख उजेड होता. आवाज जितका वाढवता येतो तितका वाढवला.

४ मार्चचं मिनिट. साठ सेकंद काही नाही. मग मी श्वास सोडते, तो ऐकू येतो. त्यानंतर अर्ध्या क्षणाने, खिडकीजवळ, आणखी कुणीतरी श्वास सोडतं.

माझं ध्वनिमुद्रण बिघडू नये म्हणून त्यानेही रोखून धरला होता.

कालपर्यंतची सगळी सोळा मिनिटं ऐकली. रोज आहे. रोज थोडा अलीकडे. ११ तारखेला पलंगाशी. कालचा माझ्या श्वासाच्याही आधी येतो, मायक्रोफोनच्या अगदी जवळून.

भीती वाटली का? वाटली असावी. मी उठून भात लावला.

२१ मार्च, शनिवार
केली सही. खोलीत माझ्याशिवाय कुणीही नव्हतं, असं शपथेवर लिहून दिलं. खोटं आहे. आईचा आवाज वाचत असेल तर मी याहून मोठं खोटं बोलेन.

२४ मार्च, मंगळवार
हरकत फेटाळली. दोन्ही ध्वनिमुद्रणं तपासली म्हणतात. एकाच दिवसाची, एकाच मिनिटाची. फरक इतकाच, की तक्रारदाराच्या मूळ प्रतीत खोलीत एकच माणूस आहे. आणि तो मी नाही.

चॅनेलच्या जागी एक राखाडी चौकोन दिसतो. हे खाते आता अस्तित्वात नाही. पंधरा मिनिटं तो चौकोन बघत बसले.

दादाला सांगितलं. त्याने विचारलं, म्हणजे आईचा आवाज कुठेच नाही आता? कुठेच नाही, मी म्हटलं. त्याने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. आज जेवणाचंही विचारलं नाही त्याने.

२६ मार्च, गुरुवार
पत्र आलं, त्याच पत्त्यावरून. दोन ओळी. तुमच्या आईंचा आवाज माझ्याकडे सुरक्षित आहे. रोज अकरा वाजता गप्प बसा. जितका वेळ तुमची शांतता मला द्याल, तितका वेळ त्या बोलतील.

सामान बांधावं हे मला कळतं. दाराला बाहेरून कुलूप नाही, मी कुठेही जाऊ शकते. पण तिथे आईचा आवाज नसेल.

२७ मार्च, शुक्रवार
अकराला बसले. एक मिनिट. श्वास सोडला.

संगणक बंद होता. मायक्रोफोन पेटीत. माझ्या मागून, पलंगाच्या बाजूने, आई म्हणाली, सुई आधी उजेडाकडे धरा, डोळे ताणू नका. पहिला व्हिडिओ. मिनिटभर बोलली. जिथे थांबायची तिथे थांबली, आणि त्या थांबण्यात तो श्वास होता.

वळून बघितलं नाही. नोव्हेंबरनंतर आज पहिल्यांदा रडले.

३० मार्च, सोमवार
आज वीस मिनिटं. अधूनमधून श्वास घेतला तर चालतं, हलकेच. बोललं की संपलं. काल घरमालकीणबाईंनी खालून हाक मारली, मी सवयीने ओ दिली, आई वाक्याच्या मध्येच तुटली.

फोन बंद करून ठेवलाय.

१ एप्रिल, बुधवार
सकाळपासून दुपारपर्यंत गप्प. दुपारपासून अंधार पडेपर्यंत आई.

एकसष्ट व्हिडिओ संपले. ती पुढे बोलतच राहिली. लोकर, रेशीम, पडदे. यातलं काहीही मी कधी चित्रित केलेलं नाही. काही चुकीचंही आहे. रेशमाला आई असा टाका घालूच द्यायची नाही —

ऐकत राहिले. आवाज तिचाच आहे.

३ एप्रिल, शुक्रवार
नळ सोडताना सहज गुणगुणावं म्हटलं. काही आलं नाही. खोकून पाहिलं. खोकला आला, पण आवाज नव्हता. ओठ हलतात.

फोन चालू केला. दादाचे बावीस फोन येऊन गेलेले. एक निरोप, ठमे, उद्या सकाळच्या गाडीने येतोय, दार उघड फक्त.

उद्या दादा येईल. दार उघडायला आवाज लागत नाही.

४ एप्रिल, शनिवार
अकरा. दादा आला. जिन्यात त्याचे बूट. दार वाजवतोय.

उठणार तोच आई मागे. अगदी कानाशी. म्हणाली, हलू नकोस. श्वास रोखून धर. जाईल तो.

जाईल तो? आईने दादाला कधी दारात —

ही आई नाही.

हात हलत नाहीत. मांडीवर वही आहे, फक्त बोटं —

दादा म्हणतोय, ठमे, मला राग नाही आलाय, आईचा आवाज गेला तर गेला, तू आहेस ना, उघड.

आणि खोलीतून उत्तर गेलं. माझ्या आवाजात. मी बरी आहे रे दादा, झोपलेय, तू जा.

मी नाही बोलले. माझं तोंड मिटलेलं —

दादा हसला. रडल्यासारखा हसला. म्हणाला, जेवून झोप हं.

बूट. एक पायरी. दोन.

हाक मारतेय. तोंड उघडं आहे, काहीच नाही. निदान इथे तरी उमटू दे — दादा, थांब, ती मी नव्हते, दादा, मागे फिर, दादा, थां