थकबाकीचा चौथा हिस्सा

३ जानेवारी
सरांच्या ऑफिसात रुजू. अपंगत्व भत्त्याच्या केसेस. फीची पद्धत फार आवडली. हरलो तर वकिलाला काही नाही. जिंकलो तर मंजुरीपर्यंत साचलेल्या थकबाकीचा चौथा हिस्सा. गरिबाला खिशात हात न घालता न्याय! ताईला समजावलं. ती म्हणाली, म्हणजे केस जितकी रखडेल तितकी तुमची चंगळ की गं. ताईला सगळीकडे काळंबेरंच दिसतं. घरातली पहिली पदवीधर मी, त्याचा हा त्रास.

९ जानेवारी
पहिली केस. शिंपीकाका. घरी शिवणकाम, दिवसा लाँड्रीत नोकरी. तिथल्या प्रेसमध्ये उजवा हात सापडला, तीन बोटं वळत नाहीत. अर्ज एकदा फेटाळलाय, आता अपील. घरमालक खोली सोडा म्हणतोय. भत्ता वेळेत आला तर खोली टिकेल. संकल्प: १) महिन्याभरात निकाल. २) माझा वाटा घ्यायचा नाही.
(सरांना सावकाश सांगेन.)

२ फेब्रुवारी
सरांना सांगितलं. ते म्हणाले, पगार तुला नाही, फीतला निम्मा वाटा आहे. तो नको असेल तर हवा खाऊन राहा. शिवाय कच्चं फळ तोडू नये म्हणाले. मी सडेतोड उत्तर दिलं. घरी आल्यावर, आरशासमोर.

२० फेब्रुवारी
एका डॉक्टरचं सर्टिफिकेट फायलीत आहे. कागद पुरेसे वाटले तर अधिकारी सुनावणीविनाच मंजुरी देतात. पण आपलं काम चोख हवं. दुसऱ्या तज्ज्ञाचं मत मागवलं. एप्रिलमधली तारीख मिळाली. याचा फीशी काडीचाही संबंध नाही.

१ मार्च
चप्पल तुटली. ताईकडून पैसे उसने घेतले. काका विचारायला आले, मॅडम, कुठवर आलं? म्हटलं, पाया पक्का करतेय. ते म्हणाले, पाया होऊ द्या निवांत, पण इकडे डोक्यावरचं छप्पर चाललंय. माणूस विनोदी आहे.

११ एप्रिल
तज्ज्ञाचं मत आलं. पहिल्यासारखंच. तिसरं मागवावं म्हणतेय. सर म्हणाले, आता शिकलीस तू. दिवसभर बरं वाटत होतं. मधेच थोडं वाईटही वाटलं. जेवण झाल्यावर गेलं.

३० मे
तिसऱ्याचंही तेच. अधिकाऱ्यांना पत्र पाठवलं: युक्तिवाद तयार होईपर्यंत फाईल निर्णयाला घेऊ नये. काका-काकू खोली सोडून मेहुण्याकडे राहायला गेले. तिथे जागा नाही म्हणून शिलाई मशीन विकलं. निदान भाडं तरी वाचलं त्यांचं.

१४ जुलै
जिंकलो. म्हणजे मंजुरी आली. मी तिथे नव्हते. युक्तिवादात व्यत्यय नको म्हणून फोन उचलत नव्हते, तर काका स्वतःच काउंटरवर जाऊन उभे राहिले. तिथल्या अधिकारी मॅडमना त्यांनी सही डाव्या हाताने करून दाखवली. मॅडमनी फाईल चाळली आणि म्हणाल्या, पहिलं सर्टिफिकेट पुरेसं होतं, थांबलात कशाला? काका म्हणाले, आमच्या वकीलबाईंची तयारी चाललीय.
युक्तिवाद चौतीस पानी झाला होता. वाया जाणार नाही. दुसऱ्या केसला वापरता येईल.

२ ऑगस्ट
थकबाकीतून चौथा हिस्सा परस्पर कापून ऑफिसला आला. सरांनी माझा वाटा पाकिटात घालून दिला. संकल्प: आजच परत करायचा.
दुपारी काका आले. आभार मानायला. म्हणाले, केवढ्या राबलात तुम्ही, आम्ही काय, नुसते थांबलो. मी विचारलं, मशीन परत घेणार ना? ते म्हणाले, जुनंच परत मिळत होतं, फीचे कापले गेले तेवढ्या पैशांतच आलं असतं. असू दे मॅडम, तो तुमचा हक्क. डाव्या हातानेही टाके जमायला लागलेत.
पाकीट टेबलावरच होतं. मी त्यावर फाईल ठेवली. वाऱ्याने उडू नये म्हणून.
पंखा बंद होता.