आठ दिवसांसाठी नेलेला भैरोबा

अण्णा, परवा कामावर तुमचं अक्षर समोर आलं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, पण ते वळणदार 'श्री' आणि घडी घालून पाडलेला समास मी कुठेही ओळखीन. हॅम्बर्गच्या ज्या संग्रहालयात मी नोकरी करते, तिथल्या फाइलीत तो कागद चाळीस वर्षं पडून होता. आपल्या गावचा भैरोबाचा मुखवटा इथे काचेच्या कपाटात आहे. बोहाड्यात, म्हणजे मुखवटे घालून देवांची सोंगं नाचवायच्या उत्सवात, तो घालून नाचायचा मान ज्या घराचा, त्या घरच्या नातीने तो परत मागितला आहे. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणाल्या, "हे बघा, मालकाचं संमतीपत्र आहे आपल्याकडे. तेवढं मराठीतून भाषांतर करून द्या, म्हणजे विषय संपला." तुम्ही लिहिलं आहे, 'हा मुखवटा आम्ही राजीखुशीने, कायमचा भेट देत आहोत.' खाली अंगठा.

त्या दिवशी मी नऊ वर्षांची आहे. आई चुलीपाशी, मी तिच्या मागे, आणि भैरोबा नाचवणारा तो माणूस धुतलेल्या पंच्यात देव गुंडाळून पडवीत उभा आहे. या संग्रहालयाचा गोरा साहेब तुमच्या खुर्चीत बसलाय. इंग्रज जाऊन जमाना झाला होता, तरी साहेब आला की तुमची खुर्ची आपसूक रिकामी व्हायची. "गुरुजी, देव कवा परत यायचा?" त्याने विचारलं. तुम्ही म्हणालात, "अरे, फोटो काढतील, मापं घेतील. आठ दिवसांत घरी. पोच म्हणून इथे अंगठा दे." त्याने दिला. आईने दिलेला चहा तो उभ्यानेच प्यायला आणि गेला. पंधरा दिवसांनी मी विचारलं, "अण्णा, आठ दिवस झाले ना?" तर मोठ्यांच्या कामात तोंड घालू नकोस, म्हणून तुम्ही मला झापलंत.

त्या साली बोहाड्यात भैरोबाची पाळी आली आणि तो मुखवट्याशिवाय, उघड्या चेहऱ्याने उभा राहिला. याने देव विकला, असं गाव म्हणालं. तुम्हाला कोण विचारणार, तुम्ही गुरुजी. तो पुन्हा कधी नाचला नाही. माणसाचे हक्क कुणी देत नाही, ते जन्माबरोबर येतात, हे तुम्हीच आम्हाला वर्गात शिकवत होतात, आणि मी ते खरं मानून आयुष्य काढलं. फसवलंत तुम्ही, अण्णा. त्याला तर फसवलंतच, तेही माझ्यादेखत, आणि वर मला गप्प बसवलंत. इथे दारातच सगळ्या संस्कृती समान असल्याचा फलक सहा भाषांत लावलाय, पण आत माणसाला कुणी विचारत नाही, कागदाला विचारतात. आणि तो कागद त्यांना तुम्ही दिलात. साहेबाला मराठी कुठे येत होतं?

मी भाषांतर केलं आणि खाली टीप लिहिली: हे पत्र माझ्या वडिलांनी लिहिलं, मी तिथे होते, आठ दिवसांचं सांगून मुखवटा नेला. बाईंनी ती दोनदा वाचली. "हे समितीपुढे जाईल. वडिलांचं नाव खराब होईल. चालेल?" मी म्हणाले, "जाऊ दे." गावात तुमच्या नावाने अजून नमस्कार करतात लोक.

मग बाईंनी एक फॉर्म पुढे केला. त्यात एक रकाना होता: वस्तूच्या बदल्यात मध्यस्थाला काय मिळालं? पदवी झाल्यावर याच साहेबाच्या शिफारशीवर मला इथल्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. विमानतळावर तुम्ही म्हणाला होतात, "तेव्हाच शब्द घेतला होता मी त्याच्याकडून, माझ्या मुलीला नेशील म्हणून." तो शब्द कशाच्या बदल्यात होता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं, आणि खरं सांगायचं तर थोडं कळलंही होतं. रकान्यात मी 'माहीत नाही' असं लिहिलं.